'अकादी' ऐकायचा कसा: डॅनियल लानवाच्या पहिल्या अल्बमकडे जाणारी वाट

यू टूचा 'द जोशुआ ट्री', पीटर गॅब्रिएलचा 'सो' आणि बॉब डिलनचा 'ओ मर्सी' या तिन्ही अल्बमांच्या निर्मितीत एक नाव समान आहे, डॅनियल लानवा या कॅनडियन संगीतकार-निर्मात्याचं. पहिल्या दोन अल्बमांवर त्याच्यासोबत दुसरं नाव आहे. 'जोशुआ ट्री'वर संथ, तरंगत्या 'ॲम्बियंट' संगीतासाठी ओळखला जाणारा ब्रायन ईनो सहनिर्माता होता, 'सो'वर खुद्द गॅब्रिएल. 'ओ मर्सी' मात्र त्याच्या एकट्याच्या नावावर आहे. ज्या १९८९ साली 'ओ मर्सी' आला, त्याच साली लानवाने स्वतःचा पहिला अल्बम काढला, 'अकादी'. ईनोच्या ओपल या लेबलवर, वॉर्नर ब्रदर्सच्या साथीने तो निघाला. बारा गाणी, चाळीसेक मिनिटं.

हा अल्बम मागे राहिला, त्याची कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. त्याच वर्षी लानवानेच घडवलेले डिलनचा 'ओ मर्सी' आणि न्यू ऑर्लिन्सच्या नेव्हिल ब्रदर्स या बँडचा 'येलो मून' हे दोन मोठे अल्बम बाजारात होते आणि चर्चा त्यांची झाली. शिवाय 'अकादी'तली गाणी इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन भाषांत आहेत, काही तर एकाच ओळीत दोन्ही भाषांत. रॉक म्हणावं तर निम्मा अल्बम लोकसंगीताकडे झुकतो, लोकसंगीत म्हणावं तर पाठीमागे ईनोच्या शाळेतला नाद तरंगत असतो. दुकानदाराने तो कुठल्या कप्प्यात ठेवायचा?

नवख्या माणसाला तो पहिल्या फेरीत बहुधा 'बरा आहे, पण अंगावर येत नाही' असा वाटतो. दोष गाण्यांचा नाही. या अल्बमात चाल आणि शब्द यांच्याइतकीच महत्त्वाची रचना आहे ती अंतराची: कोणता आवाज कानाला लागून आहे, कोणता दहा पावलांवर आहे, कोणता शेजारच्या खोलीतून येतोय. ते अंतर ऐकू आलं की अल्बम उघडतो. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १: योग्य प्रत शोधा

शोधताना आडनाव एल-ए-एन-ओ-आय-एस असं टाइप करा. शेवटचा 'एस' उच्चारात नाही, त्यामुळे कानाने ऐकलेलं नाव टाइप केलं तर भलतंच काही समोर येतं. अल्बमचं नाव ए-सी-ए-डी-आय-ई. नुसतं अल्बमचं नाव टाकलंत तर कॅनडातल्या अकादी प्रदेशाच्या लोकसंगीताचे ढीगभर संग्रह येतील, म्हणून आडनाव आणि अल्बम दोन्ही एकत्र टाका.

दोन आवृत्त्या दिसतील. एक १९८९ची मूळ, दुसरी नंतर आलेली 'गोल्डटॉप' आवृत्ती. लानवाच्या हातात वर्षानुवर्षं दिसलेल्या सोनेरी रंगाच्या १९५३च्या गिब्सन लेस पॉल गिटारवरून तिला हे नाव मिळालं. या दुसऱ्या आवृत्तीत जादा गाणी आहेत. कोणतीही चालेल, पण पहिल्या काही फेऱ्यांत मूळची बारा गाणीच ऐका आणि 'अमेझिंग ग्रेस' संपलं की थांबा. मूळ अल्बमचा शेवट तोच आहे आणि तो विचारपूर्वक ठेवलेला आहे. त्यानंतर लगेच जादा गाणं सुरू झालं की त्या शेवटाचा परिणाम पुसला जातो.

महागडी जुनी एलपी मागवायची घाई नको. अल्बम आवडेल की नाही हे स्ट्रीमिंगवर पुरेसं कळतं.

पायरी २: यंत्र आणि खोली नीट करा

इथे बहुतेकांचं बिनसतं, म्हणून जरा तपशिलात.

फोनच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नका. बास गिटारची सर्वांत खालची मोकळी तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते आणि फोनचा स्पीकर साधारण ३०० हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुका होतो. 'द मेकर' या गाण्याचा अर्धा जीव बासमध्ये आहे. फोनवर ते गाणं ऐकलंत तर उरतो फक्त एका माणसाचा पुटपुटता आवाज. मग कंटाळा येणारच.

साधे वायरचे इअरफोनही चालतील, मात्र ते कानात घट्ट बसले पाहिजेत. रबरी टोपी सैल असेल तर खर्ज सगळा बाहेर गळतो. इअरफोनच्या पाकिटात येणाऱ्या तीन मापांच्या टोप्या एकदा लावून बघा, फरक लगेच कळतो. दोन्ही कानांत लावा. एकाच कानात लावून ऐकलंत तर डावी-उजवी मांडणी हरवते आणि या अल्बमातून ती काढली की फार थोडं उरतं.

फोनमध्ये या गोष्टी तपासा:

- शफल, ऑटोप्ले आणि क्रॉसफेड बंद. क्रॉसफेड चालू असेल तर एका गाण्याची विरत जाणारी आस पुढच्या गाण्याखाली दडपली जाते.
- डॉल्बी, 'सराउंड', बास बूस्ट, इक्वलायझर बंद. अनेक फोनांत डॉल्बी आधीपासूनच चालू असतं. ते आपला कृत्रिम अवकाश वर चढवतं आणि मूळ अवकाश गढूळ होतो.
- सुलभतेच्या सेटिंगमधलं 'मोनो ऑडिओ' बंद.
- आवाजाचा दर्जा 'ऑटोमॅटिक'वर न ठेवता ३२० केबीपीएस किंवा लॉसलेसवर. मोबाइल डेटावर ॲप गुपचूप खालच्या दर्जावर उतरतं, आणि त्याची पहिली झळ बसते ती विरत जाणाऱ्या प्रतिध्वनींना. ते वाळू घासल्यासारखे खरखरीत होतात. शक्य असेल तर वायफायवर अल्बम आधीच उतरवून घ्या.

आवाज किती ठेवायचा? १९८९च्या मास्टरिंगमध्ये (म्हणजे अल्बमची अंतिम प्रत तयार करताना) हळू आणि मोठ्या आवाजांतलं अंतर राखलेलं असे. नंतरच्या अल्बमांत ते दाबून सगळंच मोठं करायची पद्धत आली. त्यामुळे आजच्या एखाद्या गाण्यानंतर 'अकादी' लावला की तो मिणमिणता वाटतो. एक-दोन खुणा आवाज वाढवा आणि मग पुन्हा हात लावू नका. प्रत्येक गाण्याला आवाज वर-खाली करत बसलात तर गाण्यागाण्यांतला चढ-उतार तुम्हीच सपाट करता.

स्पीकरवर ऐकणार असाल तर ते शोकेसमधून बाहेर काढा. कप्प्यात ठेवलेला स्पीकर लाकडाला धरून घुमतो, आणि कोपऱ्यात ठेवलेला खर्ज फुगवतो. भिंतीपासून किमान एक फूट पुढे, बसल्यावर कानाच्या उंचीला, आणि दोन स्पीकर व तुम्ही यांचा समभुज त्रिकोण. दोन मीटरची बाजू घरातल्या खोलीत पुरते. आणि पंखा बंद. छताच्या पंख्याची सततची घरघर नेमकी त्या हळू आवाजांवर पांघरूण घालते, ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप चाललाय. उन्हाळा असेल तर रात्री उशिरा ऐका, कुकरच्या शिट्ट्याही तेव्हा थांबलेल्या असतात.

पायरी ३: आधी तीन गाण्यांवर कान तयार करा

सरळ 'अकादी'वर उडी मारण्याआधी लानवाने दुसऱ्यांबरोबर केलेल्या कामातली ही तीन गाणी ऐका. पंधराएक मिनिटांचं काम आहे.

पहिलं, 'डीप ब्लू डे'. १९८३च्या 'अपोलो' अल्बमातलं, ब्रायन ईनो, लानवा आणि ब्रायनचा भाऊ रॉजर ईनो यांचं. शब्द नाहीत. स्टील गिटार (तारांवर धातूचा दांडा सरकवून वाजवायची) सिंथेसायझरच्या संथ लाटांवर सरकत राहते. अमेरिकी कंट्री संगीतातलं वाद्य जमिनीवरून उचलून असं तरंगत ठेवायचं, ही युक्ती 'अकादी'त ठिकठिकाणी भेटेल.

दुसरं, 'विथ ऑर विदाउट यू', 'जोशुआ ट्री'मधलं. बास सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच चार सूर धरून चालतो, वरती गिटारची न संपणारी लांब आस असते (ती वाजवण्यासाठी मायकेल ब्रूक या कॅनडियन संगीतकाराने बनवलेली 'इन्फिनिट गिटार' वापरली होती), आणि मधली जागा जवळजवळ रिकामी सोडलेली असते. ती रिकामी जागा ऐकायला शिका.

तिसरं, 'मॅन इन द लाँग ब्लॅक कोट', 'ओ मर्सी'मधलं. मागे रातकिडे किरकिरतात. गायक अगदी पुढ्यात आणि बाकी सगळं अंधारात. हे रेकॉर्डिंग न्यू ऑर्लिन्समधल्या एका घरात झालं. 'अकादी' आणि 'येलो मून'चं गावही तेच.

प्रत्येक गाणं ऐकताना एकच प्रश्न विचारा: सर्वांत जवळ कोण आणि सर्वांत लांब कोण? उत्तर तोंडाने म्हणा किंवा कागदावर लिहा. वाटतं तितकं सोपं नाही.

पायरी ४: नावामागचा नकाशा समजून घ्या

एवढं माहीत नसेल तर फ्रेंच ओळी नुसती नक्षी वाटतात, म्हणून थोडक्यात.

लानवाचा जन्म १९५१चा, क्विबेक प्रांतातल्या हल या गावचा. घरची भाषा फ्रेंच, वडील व्हायोलिन वाजवणारे. आई-वडील वेगळे झाले आणि आई मुलांना घेऊन इंग्रजी बोलणाऱ्या ऑन्टारियो प्रांतात, हॅमिल्टनच्या बाजूला राहायला आली. तिथे घराच्या तळघरात डॅनियल आणि त्याचा भाऊ बॉब यांनी रेकॉर्डिंग सुरू केलं. पुढे हॅमिल्टनमध्येच त्यांचा ग्रँट अव्हेन्यू स्टुडिओ उभा राहिला. ईनो तिथेच आला आणि लानवाचं आयुष्य बदललं.

अकादी हा कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा जुना फ्रेंच मुलूख, म्हणजे आजचे नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक आणि आसपासचा भाग. १७५५पासून ब्रिटिशांनी तिथल्या फ्रेंच शेतकऱ्यांना हुसकावून लावलं. त्यांतले बरेच जण भटकत भटकत शेवटी लुइझियानात वसले. तिथे 'अकादियन'चं 'केजन' झालं. न्यू ऑर्लिन्स हे त्याच लुइझियानातलं शहर. लानवा स्वतः अकादियन नव्हे, क्विबेकचा. पण उत्तरेतून निघालेला फ्रेंच बोलणारा मुलगा दक्षिणेत येऊन आपल्या बालपणाची गाणी रेकॉर्ड करतो, तेव्हा त्या जुन्या विस्थापितांचीच वाट तो चालत असतो. अल्बमचं नाव उगाच दिलेलं नाही.

पायरी ५: पहिली फेरी, फक्त चार गाणी

पहिल्या दिवशी सगळा अल्बम ऐकू नका. या क्रमाने चार गाणी घ्या.

*'द मेकर'.* अल्बमातलं दुसरं, आणि सर्वांत प्रसिद्ध झालेलं गाणं. आधी फक्त बास ऐका. दाट, गोल, संथ. तो सुरावटही सांभाळतो आणि ठेकाही. दुसऱ्यांदा लावाल तेव्हा फक्त मागचा आवाज ऐका. लानवाचा स्वतःचा गळा खालचा, काहीसा झाकलेला. त्याच्या मागून एक उंच, थरथरता आवाज वर चढतो, तो ॲरन नेव्हिलचा. नेव्हिल ब्रदर्समधला हा गायक न्यू ऑर्लिन्सचा, आणि त्याच्या आवाजातला तो कंप एकदा ओळखीचा झाला की पुन्हा चुकत नाही. एक खाली, जवळ. दुसरा वर, लांब. अल्बमभर ज्या अंतराबद्दल बोलतोय ते इथे सर्वांत स्पष्ट ऐकू येतं. शब्दांत बायबल आहे: काळं थंड पाणी, योहान, एदेनच्या पूर्वेची जळती तलवार. अर्थ लावायची घाई करू नका.

*'जोली लुईज'.* इथे शब्द ऐकायचेच. अडीच-पावणेतीन मिनिटांचं गाणं, चाल इतकी प्रसन्न की पाय हलायला लागतो. फ्रेंच-इंग्रजी मिसळलेली भाषा, तिकडच्या गावात बोलतात तशी. निवेदक झाँ-गी, क्विबेकमधल्या गातिनोच्या पूर्वेकडचा. तो लुईजला मागणी घालतो, घर आहे म्हणतो, उन्हात काम करीन म्हणतो. 'काम संपेपर्यंत काम करीन' ही ओळ पहिल्यांदा भविष्यकाळात येते आणि लगेच भूतकाळात. एका क्रियापदाच्या बदलात मधली वर्षं निघून जातात. मग मिलमधला मुकादम त्याला कामावरून काढतो. पोरं चार आणि तीन वर्षांची. रमची बाटली मैत्रीण होते. एके दिवशी तो लुईजवर हात उगारतो. सप्टेंबर १९६३मध्ये ती मुलांना घेऊन निघून जाते, ऑन्टारियोत, टोरोंटोच्या बाजूला. चाल मात्र अखेरपर्यंत तशीच प्रसन्न राहते.

वरच्या पायरीतला तपशील आठवून पाहा. लानवाची आईही मुलांना घेऊन ऑन्टारियोतच आली होती. गाण्यातला झाँ-गी म्हणजेच लानवाचे वडील असा निष्कर्ष काढायची गरज नाही, पण या माणसाला खलनायक न करता, माफही न करता, त्याच्याच तोंडून गाणं म्हणवून घेणं ही फार अवघड गोष्ट आहे आणि ती इथे साधली आहे. ज्यांनी फक्त चाल ऐकली त्यांना हे गोड लग्नगीत वाटतं. असं झालं असेल तर शब्द समोर ठेवून पुन्हा ऐका.

*'स्टिल वॉटर'.* अल्बमची सुरुवात. गिटारचे थर मोजायचा प्रयत्न करा. कोणतीही एक गिटार 'मी इथे आहे' असं म्हणत नाही, सगळ्या मिळून एक पृष्ठभाग तयार करतात. यू टूचे ॲडम क्लेटन आणि लॅरी मलन या अल्बमातल्या काही गाण्यांत वाजवतात, पण स्टेडियममधला गडगडाट इथे शोधू नका. त्यांना इथे मुद्दाम आखडून वाजवायला लावलंय.

*'अंडर अ स्टॉर्मी स्काय'.* छोटं, वेगवान, लुइझियानातल्या नाचाच्या अंगाचं. फार विचार न करता ऐकायचं.

पायरी ६: दुसरी फेरी, सलग

दोन-तीन दिवसांनी सगळा अल्बम एका बैठकीत, क्रम न बदलता. फोन पालथा ठेवा.

'ओ मारी' संपूर्ण फ्रेंचमध्ये आहे, तंबाखूच्या शेतावर राबणाऱ्या मजुराचं गाणं. शब्द कळले नाहीत तरी श्रमाची लय कळते. 'व्हाइट मस्टँग २'सारख्या तुकड्यांत शब्दांपेक्षा वाद्यांचा पोत बोलतो. नवखा श्रोता इथे 'पुढचं गाणं'चं बटण दाबतो. दाबू नका. हे तुकडे म्हणजे दोन गाण्यांमधली मोकळी जागा आहे, 'जोली लुईज'चं ओझं उतरायला वेळ लागतो. 'सिलियम्स हिल' आणि 'सेंट अ‍ॅन्स गोल्ड' सावकाश चढणारी गाणी आहेत. पाचव्या-सहाव्या फेरीआधी त्यांच्याबद्दल मत बनवू नका.

'अमेझिंग ग्रेस' शेवटी येतं, ॲरन नेव्हिलच्या आवाजात. शब्द जॉन न्यूटनचे, १७७९ साली छापले गेलेले. न्यूटन तरुणपणी गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांवर कप्तान होता. चर्चमध्ये सगळे मिळून म्हणतात त्या घाटाची अपेक्षा ठेवलीत तर गोंधळाल. इथे मागचा नाद अस्वस्थ आहे, आधार देणारा नाही. त्या अस्थिर जमिनीवर न्यू ऑर्लिन्सचा एक कृष्णवर्णीय गायक गुलामांच्या व्यापाऱ्याने लिहिलेली क्षमायाचना गातो. अल्बममधला हा सर्वांत धाडसी निर्णय आहे, आणि काहींना तो मुळीच पटत नाही.

अडचण आली तर ती बहुधा या तिघांपैकी एक असते. 'गायकाचा आवाज कमजोर आहे' असं वाटलं, तर हे लक्षात घ्या की लानवा गळ्याला वाद्यमेळातल्या एका वाद्याइतकीच जागा देतो, राजासारखं पुढे बसवत नाही. 'सगळं एकसारखं वाटतं', तर बहुधा बास ऐकू येत नाहीये, पायरी २ पुन्हा बघा. 'फ्रेंच समजत नाही', तर आधी इंग्रजीतली पाच-सहा गाणी पक्की करा, फ्रेंच गाणी नंतर आपोआप जवळ येतात.

पायरी ७: गिटार वाजवत असाल तर हा नाद घरी करून पाहा

ही पायरी ऐच्छिक आहे. पण तासभर स्वतः प्रयत्न केला की अल्बममधलं अंतर कसं रचलंय ते दहा फेऱ्यांपेक्षा जास्त कळतं. खालचे आकडे सुरुवात करण्यापुरते आहेत, लानवाच्या स्टुडिओतली नोंदवही नव्हे.

लागणारं सामान: इलेक्ट्रिक गिटार, ऑडिओ इंटरफेस (गिटार किंवा माइक संगणकाला जोडणारा डबा), कोणतंही मोफत रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर, त्यात एक डिले (प्रतिध्वनी), एक रिव्हर्ब (खोलीचा घुमारा) आणि एक ट्रेमोलो (आवाज ठरावीक वेगाने कमी-जास्त करणारा).

गिटारचा मानेकडचा पिकअप निवडा, टोनचं बटण निम्म्यावर आणा. ॲम्प किंवा त्याचं सॉफ्टवेअर जोरात छेडल्यावर किंचित फाटेल इतपत ठेवा. रेकॉर्डिंगची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास शिखर गाठेल अशी.

डिलेचा वेळ अंदाजाने लावू नका. ६०,००० भागिले लय (मिनिटाला किती मात्रा), म्हणजे एका मात्रेचे मिलिसेकंद. लय ८० असेल तर मात्रा ७५० मिलिसेकंदांची, अर्धी मात्रा ३७५ची आणि पाऊण मात्रा ५६२ची. पाऊण मात्रा लावा. मग तुम्ही वाजवलेल्या सुरांच्या फटींत प्रतिध्वनी पडतात आणि कमी वाजवूनही वीण दाट होते. पुनरावृत्ती दोन किंवा तीनच. प्रतिध्वनींतून ३-४ किलोहर्ट्झच्या वरचा भाग कापा. लांबून येणाऱ्या आवाजाचा चकचकीतपणा हवेत आधी विरतो, म्हणून बोथट प्रतिध्वनी कानाला मागे गेल्यासारखा वाटतो. हे एक बटण विसरलात तर सगळे थर पुढ्यात येऊन भांडतात.

रिव्हर्ब गिटारच्या ट्रॅकवर थेट न लावता वेगळ्या सेंडवर (ट्रॅकचा आवाज जिथे पाठवता त्या समांतर वाटेवर) लावा. लांबी अडीच सेकंद, प्री-डिले (मूळ सूर आणि घुमारा यांच्यातली फट) ३० मिलिसेकंद, २०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ३० मिलिसेकंदांत दहा मीटर. एवढी फट मिळाली की मूळ सूर जवळ राहतो आणि खोली मागे सरकते. प्री-डिले शून्य ठेवला तर सूरच खोलीत बुडतो. बासला रिव्हर्ब मुळीच देऊ नका. खर्ज लांबला की चिखल होतो, आणि हीच चूक सर्वांत जास्त वेळा घडते.

ट्रेमोलो लयीत बसवा. लय ८० असताना पाव मात्रेचा वेग सेकंदाला ५.३ कंप. खोली ३० ते ४० टक्के. ट्रेमोलो लयीबाहेर गेला तर ठेका लंगडतो आणि दोष ड्रमचा वाटतो.

आता निम्मे सूर काढून टाका. खरंच. आधी एक ट्रॅक तुम्हाला योग्य वाटेल तसा वाजवा, मग तोच पुन्हा अर्ध्या सुरांत वाजवा. डिले उरलेलं काम करतो.

आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये फरशी आणि समोरासमोरच्या कोऱ्या भिंती त्रास देतात. टाळी वाजवून बघा. धातूच्या पट्टीसारखी 'टर्रर्र' अशी पटपट विरणारी थरथर ऐकू आली तर ती भिंतींमधली ये-जा आहे आणि नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने ती नीट जात नाही. गाणाऱ्याच्या पाठीमागे दोन जाड गोधड्या दोरीवर टांगा, माइक तोंडापासून १५-२० सेंटिमीटरवर धरा. गाण्यासाठी १२० मिलिसेकंदांचा एकच प्रतिध्वनी पुरतो.

शेवटची गोष्ट उपकरणांची नाही. लानवा किल्ल्यांत, घरांत, जुन्या थिएटरांत रेकॉर्डिंग करत आला आणि मिक्सरचं टेबल काचेपलीकडच्या वेगळ्या खोलीत न ठेवता वादकांमध्येच मांडत आला. दोन-तीन मित्र मिळून करणार असाल तर सगळे एकाच खोलीत, अर्धवर्तुळात बसा. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरेल. शिरू द्या, मात्र माइकांतलं अंतर माइक आणि वाद्य यांतल्या अंतराच्या किमान तिप्पट ठेवा, नाहीतर दोन माइकांत पोहोचलेला एकच आवाज एकमेकांना खातो आणि सगळं पोकळ ऐकू येतं. याची किंमतही आहे: एकाची चूक झाली तर सगळ्यांनी पुन्हा वाजवायचं.

पायरी ८: इथून पुढे

'द मेकर' इतरांनी कसं गायलं ते ऐका. अमेरिकी कंट्री गायक विली नेल्सनने ते 'तेआत्रो' या १९९८च्या अल्बमात घेतलं. तोही लानवानेच, कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्डच्या एका जुन्या सिनेमागृहात रेकॉर्ड केला. त्याच वर्षीच्या 'स्पायबॉय' या थेट कार्यक्रमाच्या अल्बमात अमेरिकी गायिका एमिलू हॅरिस ते गाते आणि तिच्या चौकडीत बास डॅरिल जॉन्सनचा आहे. जेरी गार्सिया बँड आणि डेव्ह मॅथ्यूज बँडही ते मंचावर वाजवत आले. तीन आवृत्त्या एकामागून एक लावल्यात तर गाणं कुठल्याही घाटात उभं राहतं हे कळतं, आणि मूळ ध्वनिमुद्रणातलं अंतर प्रत्येकाने कसं बदललं तेही.

मग एमिलू हॅरिसचा 'रेकिंग बॉल', १९९५चा. 'अकादी'त लानवाने स्वतःसाठी जे शोधलं ते त्याने इथे एका थोर गायिकेच्या पायाशी ठेवलं. अनेकांना लानवाचा आवाज रुचत नाही, पण हा अल्बम रुचतो. तुमचं तसं असेल तर आधी हा ऐका आणि मग 'अकादी'कडे परत या, उलटा रस्ताही तितकाच चांगला आहे.

त्याचे स्वतःचे पुढचे अल्बम घेताना क्रम असा ठेवा: 'फॉर द ब्यूटी ऑफ वायनोना' (१९९३), तो जास्त काळोखा आणि गिटार जास्त फाटलेली. नंतर 'शाइन' (२००३). शब्दांशिवाय ऐकायची सवय झाली असेल तर पेडल स्टीलभोवती (पायपट्ट्यांच्या स्टील गिटारभोवती) रचलेला 'बेलाडोना' (२००५). 'गुडबाय टू लँग्वेज' (२०१६) अगदी शेवटी ठेवा. त्यात गाणं असं उरतच नाही, स्टील गिटारचे तुकडे वितळवून रचलेला नाद आहे, आणि 'अकादी'तल्या 'व्हाइट मस्टँग २'वर थांबायला शिकलेल्या कानालाच तो लागतो.